कुत्र्यांमधील कर्णपाळीची रक्तगाठ

कर्णपाळीची रक्तगाठ हा कुत्र्याच्या कानाच्या पाळीत रक्त साचून पाळी उशीसारखी फुगण्याचा विकार होय. पशुवैद्यकात त्याला ‘ऑरल हिमॅटोमा’ असे म्हणतात. कानाला खाज सुटल्यामुळे किंवा वेदना होत असल्यामुळे कुत्रे जोरजोराने डोके झटकते, पाय घासून कान खाजवते, आणि त्या आघाताने पाळीतील बारीक रक्तवाहिन्या फुटतात. विकार सहसा जीवघेणा नसतो; परंतु तो वेदनादायक असतो, वारंवार उलटतो आणि दुर्लक्ष झाल्यास कान कायमचा आक्रसून विद्रूप होतो. रक्तगाठ ही बहुतेक वेळा स्वतंत्र व्याधी नसून कानातील दुसऱ्या एखाद्या रोगाचा परिणाम असते. उपचाराची यशस्विता या एका गोष्टीवर फार अवलंबून आहे.

नाव

‘ऑरल’ हा शब्द देवनागरीत लिहिताना एक घोटाळा संभवतो. कानासंबंधीचा आणि मुखासंबंधीचा असे दोन निरनिराळे इंग्रजी शब्द मराठीत सारखेच लिहिले जातात, त्यामुळे औषधाच्या चिठ्ठीवरील किंवा पुस्तकातील ‘ऑरल’ म्हणजे कान की तोंड, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. कानात घालण्याचे थेंब तोंडावाटे देणे अथवा त्याउलट करणे धोक्याचे असल्याने ही केवळ शब्दांची चर्चा नव्हे.

हिमॅटोमा या शब्दासाठी ‘रक्तगुल्म’ आणि ‘रक्तार्बुद’ हे प्रतिशब्द सहज सुचतात. मात्र आयुर्वेदात रक्तगुल्म हा स्त्रियांच्या उदरातील एका विकारासाठी आणि रक्तार्बुद हा अर्बुदाच्या एका प्रकारासाठी पूर्वीपासून रूढ आहे. म्हणून या लेखात ‘रक्तगाठ’ हा साधा शब्द वापरला आहे. तोही सर्वस्वी निर्दोष नाही. कारण आरंभी पाळीत गाठ नसते, पातळ रक्त असते. कुत्रे पाळणारे लोक बोलताना ‘कान फुगला’, ‘कानात रक्त साचले’ किंवा ‘कानाला फुगा आला’ असे म्हणतात आणि ते वर्णन अगदी नेमके आहे.

कानाच्या पाळीची रचना

कुत्र्याच्या कानाची पाळी म्हणजे मध्ये कूर्चेचा पातळ, लवचीक पत्रा आणि त्याच्या दोन्ही अंगांना त्वचा. आतल्या, म्हणजे खोलगट बाजूची त्वचा कूर्चेला घट्ट चिकटलेली असते. बाहेरची केसाळ त्वचा किंचित सैल असते. पाळीला रक्त पुरवणाऱ्या धमन्या बाह्य ग्रीवा धमनीच्या एका शाखेतून निघतात. त्या पाळीच्या बाहेरच्या अंगाने, बुडाकडून टोकाकडे, साधारणतः एकमेकींना समांतर जातात. त्यांच्या बारीक उपशाखा कूर्चेतील छिद्रांमधून आरपार जाऊन आतल्या बाजूला पोहोचतात.

पाळी जोराने हलली, दुमडली किंवा कवटीवर आपटली की कूर्चेचा पत्रा तडकतो आणि आरपार जाणाऱ्या या उपशाखा तुटतात. रक्त कूर्चेच्या थरांमध्ये अथवा कूर्चा आणि तिचे आवरण यांच्यामध्ये साचू लागते. साचलेल्या रक्ताच्या दाबाने हे थर आणखी विलग होतात, आणखी वाहिन्या तुटतात आणि पोकळी वाढत जाते. फुगवटा बहुधा आतल्या बाजूला दिसतो. पोकळीतील दाब आणि वाहिन्यांतील दाब सारखा झाला म्हणजे रक्तस्राव आपोआप थांबतो. ताजी रक्तगाठ सुईने रिकामी केल्यावर काही तासांत पुन्हा भरते ती यामुळेच. दाब उतरतो आणि थांबलेला स्राव पुन्हा सुरू होतो.

वाहिन्यांची ही उभी मांडणी लक्षात ठेवण्याजोगी आहे. शस्त्रक्रियेत टाके कोणत्या दिशेने घालावेत, हे तिच्यावरूनच ठरते.

कारणे

बहुसंख्य रुग्णांत मूळ कारण बाह्यकर्णाचा दाह हे असते. कुत्र्याची कर्णनलिका माणसाच्या नलिकेसारखी सरळ नसून ती आधी खाली उतरते आणि मग आडवी वळते. या वळणामुळे ओलावा, मळ आणि केस आत अडकून राहतात व त्यांत जिवाणू आणि मॅलासेझिया जातीचे यीस्ट वाढतात. लोंबत्या कानांच्या जातींमध्ये हवा खेळत नसल्याने हा त्रास अधिक असतो. लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या जातींत रक्तगाठ पुष्कळदा आढळते. परंतु उभ्या किंवा अर्धवट उभ्या कानांची कुत्रीही तिच्यापासून मुक्त नाहीत. दमट हवेत, विशेषतः कोकणपट्टीतील पावसाळ्यात, कानाचे दाह बळावतात.

वारंवार होणाऱ्या कर्णदाहामागे पुष्कळदा अ‍ॅलर्जी असते. ती धूळ, परागकण, बुरशी यांची असेल किंवा अन्नातील एखाद्या प्रथिनाची असेल. अशा कुत्र्यांत कानाबरोबर पंजे चाटणे, काखा व पोट लाल होणे ही लक्षणेही दिसतात. दर काही महिन्यांनी कान फुगणाऱ्या कुत्र्याचा केवळ कान तपासून भागत नाही. सगळी त्वचा पाहावी लागते.

कानात राहणारे ओटोडेक्टिस सायनोटिस नावाचे सूक्ष्म किडे पिल्लांमध्ये आणि मांजरांबरोबर राहणाऱ्या कुत्र्यांमध्ये सामान्य आहेत. त्यांच्यामुळे कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट, कोरडा मळ तयार होतो आणि तीव्र खाज सुटते. गोचिडीही पाळीच्या घडीत आणि नलिकेच्या तोंडाशी चिकटून बसतात. पावसाळा सरल्यावर माळरानावर वाळणारे कुसळी गवत हे आणखी एक कारण. त्याच्या कुसळांची टोके अणकुचीदार असतात व त्यांवरचे केस मागे वळलेले असतात, त्यामुळे कानात शिरलेले कुसळ मागे न येता आतच सरकत राहते. फिरून आलेले कुत्रे एकाएकी एका बाजूला मान कलती करून डोके झटकू लागले, तर कुसळाची शंका प्रथम घ्यावी.

दुसऱ्या कुत्र्याचा चावा किंवा थेट मार यांमुळेही रक्तगाठ होते. काही थोड्या रुग्णांत मात्र दोष कानात नसून रक्तात असतो. एर्लिकिया कॅनिस या जिवाणूमुळे होणारा गोचीड ताप भारतात सर्रास आढळतो आणि त्यात रक्तातील प्लेटलेट (बिंबाणू) कमी होतात. रक्त गोठू न देणारे उंदीरनाशक पोटात गेल्यासही अल्पशा आघाताने रक्तस्राव होतो. हिरड्यांवर लालसर ठिपके, नाकातून रक्त, काळी विष्ठा, मलूलपणा किंवा ताप यांपैकी काही असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी रक्ताची तपासणी अपरिहार्य ठरते. प्लेटलेट कमी असलेल्या कुत्र्याच्या कानावर सुरी चालवणे म्हणजे न थांबणाऱ्या रक्तस्रावाला आमंत्रण देणे होय.

१९८६ साली कुवाहारा या संशोधकाने रक्तगाठ झालेल्या प्राण्यांच्या निरीक्षणांवरून शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतील बिघाड हे मूळ कारण असावे, असे मत मांडले. नंतरच्या संशोधनात या मताला निर्विवाद पाठिंबा मिळाला नाही. तरीही काही कुत्र्यांच्या कानात दाहाची कोणतीही खूण सापडत नाही आणि स्टेरॉइड औषधांनी त्यांना गुण येतो, त्यामुळे हा विचार पूर्णपणे बाजूला पडलेला नाही.

लक्षणे आणि निदान

सुरुवात अचानक होते. रात्री ठीक असलेला कान सकाळी जाड, उबदार आणि दाबल्यास पाण्याच्या पिशवीसारखा हलणारा लागतो. फुगवटा पाळीच्या एका कोपऱ्यापुरता असतो किंवा सबंध पाळी व्यापतो. पाळीच्या वजनाने कुत्रे डोके कलते धरते, हात लावू देत नाही, झोपताना ती बाजू टाळते. एरवी गरीब असलेले कुत्रेही वेदनेमुळे चावू शकते, म्हणून तपासताना तोंडाला जाळी किंवा मऊ पट्टी बांधणे शहाणपणाचे असते. चावा बसलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन रेबीज-प्रतिबंधक उपचारांसाठी डॉक्टरांकडे जावे. कुत्रे घरचे आहे म्हणून यात सवलत घेऊ नये.

दिवस जातात तसे साचलेल्या द्रवाचे स्वरूप पालटते. पहिले एक-दोन दिवस त्यात रक्त असते. पुढे फायब्रिनचे चिकट गोळे आणि रक्तमिश्रित पातळ द्रव असे दोन भाग होतात. काही आठवड्यांत पोकळीच्या भिंतींवर नवीन ऊतक वाढते आणि ते आकसू लागते. जुनी गाठ हाताला कठीण, खडबडीत लागते.

निदान पाहून व चाचपून होते. शंका असल्यास सुईने थोडा द्रव काढून पाहतात. पू निघाला तर ते गळू असते. गाठ घट्ट असून द्रव निघत नसेल तर अर्बुदाचा विचार करावा लागतो. यानंतरची पायरी घाईत राहून जाते: दुर्बिणीने दोन्ही कर्णनलिका तपासणे आणि कानातील मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. जिवाणू, यीस्ट आणि किडे यांची औषधे निरनिराळी आहेत, त्यामुळे या तपासणीवाचून दिलेले थेंब अंदाजाने दिलेले असतात. दुसरा कान वरकरणी निरोगी दिसत असला तरी तोही पाहावा.

उपचार

उपचाराचे हेतू तीन: साचलेला द्रव काढणे, विलग झालेले थर पुन्हा चिकटेपर्यंत एकमेकांशी लागून ठेवणे, आणि डोके झटकण्याचे कारण दूर करणे. पहिला हेतू सोपा आहे. दुसऱ्यासाठी अनेक पद्धती आहेत, आणि यांपैकी एकच सर्वश्रेष्ठ आहे असे तज्ज्ञांचे एकमत नाही. तिसरा हेतू पुरा झाला नाही तर पहिल्या दोहोंवरचे श्रम वाया जातात. टाके सुबक पडले तरी कान खाजतच राहिला, तर कुत्रे डोके झटकणारच.

सुईने द्रव काढणे ही सर्वांत सोपी पद्धत आहे. ती एकटी वापरली तर गाठ बहुधा पुन्हा भरते. म्हणून द्रव काढल्यावर त्याच पोकळीत स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात किंवा काही दिवस तोंडावाटे प्रेडनिसोलोन देऊन ते हळूहळू कमी करत बंद करतात. लहान व ताज्या गाठीत आणि भूल देणे जोखमीचे असलेल्या वृद्ध कुत्र्यांत हा मार्ग उपयुक्त ठरतो. पुष्कळ पशुवैद्य तो प्रथम अवलंबतात. द्रव काढण्याची क्रिया काही वेळा पुन्हा करावी लागते. स्टेरॉइडमुळे तहान, भूक आणि लघवीचे प्रमाण वाढते. मधुमेह असलेल्या, गाभण किंवा मोठा जंतुसंसर्ग असलेल्या कुत्रीला अथवा कुत्र्याला ते टाळावे लागते. दाहशामक वेदनानाशकांबरोबर स्टेरॉइड दिल्यास जठरात व्रण पडण्याचा धोका असतो. त्यामुळे आधी कोणती गोळी दिली आहे, हे पशुवैद्याला सांगणे आवश्यक आहे.

दुसरा मार्ग म्हणजे द्रव सतत वाहता ठेवणे. पोकळीच्या सर्वांत खालच्या टोकाला छोटे छिद्र पाडून त्यात बारीक नळी टाक्याने बसवतात व ती दोन ते तीन आठवडे ठेवतात. या कामासाठी गाई-म्हशींच्या सडात घालण्याची नळी अनेक ठिकाणी वापरली जाते. दुभत्या जनावरांसाठी तयार झालेले हे साधन ग्रामीण दवाखान्यांतही सहज मिळते, आकाराने कुत्र्याच्या कानाला जुळते आणि पुष्कळदा पूर्ण भूल न देता, गुंगीच्या औषधावर बसवता येते. पाळणाऱ्याला रोज नळीचे तोंड पुसून मोकळे ठेवावे लागते. गोठलेले रक्त व फायब्रिन भरलेल्या जुन्या गाठीत मात्र नळी लगेच तुंबते.

मोठ्या, जुन्या किंवा पुन्हा झालेल्या गाठीसाठी शस्त्रक्रिया करतात. पूर्ण भूल देऊन पाळीच्या दोन्ही बाजूंचे केस काढतात आणि रक्त आत जाऊ नये म्हणून नलिकेच्या तोंडाशी कापसाचा बोळा ठेवतात. आतल्या बाजूला गाठीच्या लांबीइतका सरळ किंवा इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या वळणाचा छेद घेतात. गुठळ्या आणि फायब्रिन काढून पोकळी सलाइनने धुतात. मग त्वचा व कूर्चा यांतून सुमारे १ सेंटिमीटर लांबीचे टाके ओळीने घालतात, जेणेकरून कोठेही पोकळी उरणार नाही. हे टाके पाळीच्या लांबीला, म्हणजे वाहिन्यांना समांतर असावे लागतात. आडवे टाके वाहिन्या आवळतात आणि पाळीचा तेवढा भाग रक्ताअभावी मरून गळू शकतो. टाके फार घट्टही नसावेत, कारण पुढच्या एक-दोन दिवसांत पाळीला सूज येते.

छेदाच्या कडा शिवून बंद करत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर कान पाहणाऱ्याला ही उघडी फट शल्यचिकित्सकाची हयगय वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः उरलेला द्रव वाहून जावा म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते आणि आतून भरत येऊन मिटते. काही शल्यचिकित्सक एका लांब छेदाऐवजी त्वचेला अनेक छोटी गोल छिद्रे पाडतात. टाक्यांचा दाब विभागला जावा म्हणून शर्टाची बटणे किंवा जुन्या क्ष-किरण फिल्मचे निर्जंतुक तुकडे टाक्यांखाली ठेवण्याचीही पद्धत आहे.

घरी करण्याजोगे आणि न करण्याजोगे

पशुवैद्यापर्यंत पोहोचेपर्यंत कान डोक्यावर दुमडून मऊ कापडाने सैलसर बांधावा, म्हणजे तो आणखी आपटत नाही. कापडात गुंडाळलेला बर्फ काही मिनिटे लावल्यास वेदना कमी होते. गळ्याभोवती शंकूच्या आकाराची कॉलर घातल्यास खाजवण्याला आळा बसतो.

फुगा सुईने किंवा ब्लेडने घरी फोडू नये. आतले रक्त हे जंतूंना वाढण्यास उत्तम माध्यम असते. अस्वच्छ सुईने त्याचे गळू होते आणि कूर्चेला झालेला जंतुसंसर्ग बरा करणे कठीण असते. उघड्या जखमेवर माश्या बसून किडे पडण्याचा धोका वेगळाच. कानावर डाग देणे किंवा चुना लावणे यांनी वेदना वाढण्याखेरीज काही साधत नाही. माणसांच्या कानात कोमट तेल घालण्याच्या सवयीने कुत्र्याच्याही कानात तेल ओतले जाते; परंतु पडदा फाटलेला असल्यास तेल आणि काही औषधी थेंबही आतल्या कानाला इजा करतात. घरातील पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कुत्र्याला देऊ नये, ती विषारी ठरू शकतात. अ‍ॅस्पिरिनने रक्तस्राव वाढतो.

उपचारानंतरची काळजी

टाके साधारणतः १४ ते २१ दिवस ठेवतात. इतर जखमांच्या टाक्यांपेक्षा हा काळ जास्त आहे, कारण थर चिकटायला वेळ लागतो. तोवर कॉलर काढू नये. जेवतानाची तेवढी सूट द्यायची असल्यास नजर हलवू नये. पाळी डोक्यावर घेऊन बांधलेल्या पट्टीखाली दोन बोटे सहज जावीत, नाहीतर गळा आवळून श्वासाला अडथळा होतो. पट्टी ओली झाली, तिला वास येऊ लागला किंवा चेहरा सुजला तर ती लगेच बदलून घ्यावी. आत कान कोठे आहे त्याची खूण पट्टीवर पेनाने केलेली बरी. पट्टी कापताना पाळीलाच कात्री लागल्याचे प्रकार घडतात. कर्णदाहाचे थेंब पूर्ण मुदतीपर्यंत घालावेत आणि कान पुन्हा तपासून घ्यावा, खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नयेत.

मालक नसलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत ही काळजीच निर्णय ठरवते. दोन-तीन आठवडे बंदिस्त ठेवण्याची सोय असल्याशिवाय रस्त्यावरच्या कुत्र्यावर टाक्यांची शस्त्रक्रिया करून त्याला परत सोडणे योग्य नव्हे. तेथे द्रव काढून औषध देणे आणि किडे-गोचिडींचा बंदोबस्त करणे, हा कमी प्रतीचा वाटणारा उपायच व्यवहार्य असतो. भटक्या कुत्र्याच्या कानाला दिसणारी खाच ही निर्बीजीकरणाची खूण असते. तिचा या विकाराशी संबंध नाही.

उपचार न केल्यास

गाठ तशीच सोडली तर काही आठवड्यांत द्रव शोषला जातो व दुखणेही कमी होते. त्यामुळे उपचार केवळ सौंदर्यासाठी असतो असा समज आहे. तो पुरता खोटा नाही. अतिशय वृद्ध किंवा अन्य गंभीर आजार असलेल्या कुत्र्यात शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णय पशुवैद्यही घेतात. पण मधले आठवडे वेदनेचे असतात, आणि बऱ्या होणाऱ्या ऊतकाच्या आकुंचनाने पाळी चुरगळून जाड होते. गाठ बुडाशी असल्यास नलिकेचे तोंड अरुंद होते, औषध आत पोहोचत नाही आणि कर्णदाह कायमचा मुक्कामाला येतो. शस्त्रक्रिया टाळली तरी कर्णदाहाचा उपचार टाळता येत नाही, तो यासाठी.

इतर प्राण्यांत आणि माणसांत

मांजरांत हा विकार कुत्र्यांपेक्षा कमी आढळतो आणि त्यांच्यात कानातील किडे हे प्रमुख कारण असते. मांजराची पाळी लहान व पातळ असल्याने उपचार न झाल्यास ती फार लवकर दुमडते. लोंबत्या कानांच्या डुकरांतही खरजेमुळे किंवा आपसांतील चाव्यांमुळे रक्तगाठी होतात.

माणसांत याचे जवळचे उदाहरण म्हणजे पैलवानांचे कान. कुस्तीत कान रगडला जाऊन कूर्चा व तिचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचते आणि ते वेळीच न काढल्यास कान फुलकोबीच्या गड्ड्यासारखा जाड व वेडावाकडा होतो. कोल्हापूर-सांगलीकडील तालमींत असा मोडलेला कान ही मेहनतीची खूण मानतात. कुत्र्याचा कान आणि पैलवानाचा कान यांत इजेचे कारण वेगळे असले तरी उपचाराची रीत एकच आहे: साचलेले रक्त लवकर काढणे आणि विलग झालेले थर दाबपट्टीने किंवा टाक्यांनी एकमेकांशी धरून ठेवणे.